दोन हातांचं औषध

तात्या तुळसकरांनी जन्मभर दोन कामं केली. पोटासाठी टपाल वाटलं आणि हौसेसाठी लग्नं जमवली. वेंगुर्ल्यापासून कुडाळपर्यंत अशी वाडी सापडायची नाही, जिथे तात्यांनी जुळवलेलं एखादं जोडपं संसार करत बसलेलं नाही. मुलाकडच्यांचा एक हात धरायचा, मुलीकडच्यांचा दुसरा, दोघांना एका खळ्यात, म्हणजे अंगणात, आणून बसवायचं, आणि एकदा सुपारी फुटली की चहा पिऊन आपण पुढच्या गावाला मोकळे. स्वतःच्या हेमंतसाठीही त्यांनीच मुलगी शोधली, तीही थेट घाटावरची, कराडची. ऋजुता तिचं नाव. गावच्या हायस्कुलात गणित शिकवायची.

आता इतक्या बोलक्या माणसाची गंमत बघा. सगळ्या तालुक्याशी बोलणारे तात्या सुनेशी मात्र थेट बोलत नसत. रीतच तशी. सासूबाई होत्या तेव्हा "तिका सांग, भाकरी बरी झालेली" असं त्यांच्यामार्फत चाले. त्या गेल्या तेव्हा हेमंत मध्ये आला. पण समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि हेमंतला तिकडे नोकरी लागली. तो महिना महिना तिथल्या तरंगत्या तळावर राहू लागला. घरात उरले तात्या, ऋजुता आणि मनी नावाची मांजर. मग तात्या मनीशी बोलायला लागले. "मने, चहा झालो काय गो?" असं त्यांनी विचारलं की मनी शेपूट हलवायची आणि ऋजुता चहा गाळायची. कुणाचंच काही अडत नव्हतं.

अडलं ते आषाढात. आंघोळ करताना ऋजुताच्या बोटांना गाठ लागली.

हेमंतला लगेच सुटता येईना, तळावर हेलिकॉप्टर यायलाही हवामान लागतं. तेव्हा कोल्हापूरला तिच्यासोबत तात्याच गेले. गेले खरे, पण डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी पोचताच ते बाकावर टेकले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. कुणीतरी आत बोलावलं तर हातानंच नको म्हणाले. बायकांच्या छातीचं दुखणं, तिथे सासऱ्यानं बसायचं म्हणजे काय! ऋजुतालाही ते बाहेर थांबले याचं बरंच वाटलं. पुढचं सगळं रामायण त्या एका दारामुळे घडलं, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

डॉ. नसीमा बागवान खास कोल्हापुरी बाई. गोल गोल बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"हे बघा बाई, घाबरायचं काम नाही, पण नीट समजून घ्यायचं. तुमच्या गाठीतल्या पेशींमध्ये एक प्रथिन आहे, त्याला आम्ही ग्राही म्हणतो. शरीरातलं इस्ट्रोजेन त्याला येऊन चिकटतं आणि ते पेशीला हुकूम सोडतं, वाढ, वाढ, वाढ. जुनी औषधं त्याचं तोंड बंद करायची. पण ही पोरं वस्ताद असतात, तोंड बंद असलं तरी खुणा करायला शिकतात. म्हणून आता आम्ही ते प्रथिनच मोडून टाकतो."

"मोडतो कसं?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"आपण नाही मोडत, पेशीच मोडते. प्रत्येक पेशी जशी प्रथिनं बनवते तशी नको झालेली मोडतेही. त्यासाठी तिच्याकडे एक कामगार असतो. जे मोडायचं त्याला तो यूबिक्विटिन नावाची खूणचिठ्ठी चिकटवतो. चिठ्ठी लागली की प्रोटीएसोम नावाचं यंत्र ते प्रथिन ओढून घेतं आणि त्याचे तुकडे तुकडे करतं. आता कामगार आहे, यंत्र आहे, पण तुमच्या ग्राहीकडे हा कामगार काही आपण होऊन जात नाही. आमच्या औषधाच्या कणाला दोन हात आहेत. एका हातानं तो ग्राहीला धरतो, दुसऱ्या हातानं कामगाराला. दोघं जवळ आले, चिठ्ठी लागली, काम झालं. कण सुटतो आणि पुढच्या ग्राहीकडे जातो. म्हणून औषध थोडंच लागतं."

मग त्यांनी तिच्या गाठीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक मापक बसवला. रोज सकाळी तो फोनवर एक आकडा पाठवणार होता. सुरुवातीला ग्राही जेवढं होतं ते शंभर धरायचं, मग रोज किती उरलं ते बघायचं. निघताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "आणि एक. तुमच्याकडे कोकणात पपनस फार. ते अजिबात खायचं नाही. आतड्यात औषधाला चाळणी लावणारं एक एन्झाइम असतं, त्याला पपनस झोपवतं. औषध रक्तात नको तेवढं वाढतं."

ऋजुतानं मान हलवली. पपनसाचं तिला काय अप्रूप? कराडला असताना तिनं ते कधी धड बघितलंही नव्हतं.

आकडा उतरायला लागला. सत्तर, पन्नास, तीस. गणपतीत तो चौदावर आला आणि ऋजुतानं मोदकाचं सारण ढवळता ढवळता एकटीच हसून घेतलं. हेमंतला आकडा रोज जायचा, तात्यांना मात्र तो सांगायचा कुणी आणि कसा? छातीचा आकडा सासऱ्याला सांगतात होय! तात्या मनीला विचारायचे, "मने, बरां असा मा सगळा?" आणि ऋजुता स्वयंपाकघरातून नुसतं "हो" म्हणायची.

गणपती गेले आणि तिच्या तोंडाची चव गेली. औषधाचा तेवढा त्रास होणार हे ठाऊकच होतं. भात मातीसारखा लागे, मासे समोर आले की पोटात ढवळे. ती दिवसेंदिवस वाळायला लागली. तात्या बघत होते. बोलत नव्हते, पण बघत होते.

आणि एका दुपारी ते परसातलं पिकलेलं पपनस घेऊन खळ्यात बसले.

पपनस सोलायला किती वेळ लागतो हे ज्यानं सोललंय त्यालाच माहीत. आधी ती बोटभर जाड साल, मग आतला कापसासारखा पांढरा थर. मग एकेक फोड सुटी करायची, तिच्यावरचा कडवट पापुद्रा नखानं उलगडायचा, बिया वेचायच्या, आणि गर न फोडता वाटीत ठेवायचा. सत्तरी ओलांडलेले तात्या, चष्मा नाकावर आणून, तासभर हेच करत होते. वर चिमूटभर साखर, कणभर मीठ. वाटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि मनीला दम दिला, "त्येका तोंड लावशीत तर बघ. तां माणसांचां असा."

ऋजुता वाटीकडे बघत राहिली. या घरात येऊन पंधरा वर्षं झाली, पण तात्यांनी तिच्यासाठी म्हणून हातानं काही केलेलं हे पहिलंच. तिचे स्वतःचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. नको कसं म्हणायचं? आणि का नको ते कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय मनात एक चोर होताच. डॉक्टर काय म्हणाल्या, औषध वाढतं. मग वाढलं तर वाढलं! चांगलंच की! जिथे पाहुण्याला पोट भरल्यावरही दोन घास वाढल्याशिवाय उठू देत नाहीत, अशा घरात वाढलेली मुलगी ती. जास्तीनं नुकसान होतं हे तिच्या गणितात कधी बसलंच नव्हतं.

तिनं एक फोड तोंडात टाकली. आंबट, गोड, गार. कित्येक दिवसांत पहिल्यांदा काहीतरी अन्नासारखं लागलं. तिनं वाटी चाटूनपुसून संपवली. खळ्यात बसल्या बसल्या तात्यांनी ते बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दोन पपनसं सोलली.

मग वाटी रोजचीच झाली. आणि आकडा चढायला लागला.

चौदाचे बावीस झाले, बावीसचे पस्तीस. डॉ. बागवानांनी तातडीनं बोलावून घेतलं. पुन्हा तात्या बाहेर बाकावर, ऋजुता आत.

"पेशींनी औषधावर मात केली असेल तर मला हे थांबवावं लागेल," बाई म्हणाल्या. "मग जुना रस्ता. केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया. डावा स्तन वाचवता येईल असं मी खोटं सांगणार नाही. आणि त्या रस्त्यानं गाठ पूर्ण ताब्यात येईलच याचीही हमी नाही." बाईंनी तेवढ्यात रक्ताचा अहवाल उघडला आणि त्या थबकल्या. "अरेच्चा. गोळ्या किती घेता तुम्ही?"

"तुम्ही सांगितल्या तेवढ्याच."

"मग औषध रक्तात तिप्पट कसं?"

"तिप्पट?" ऋजुता चक्रावली. "औषध तिप्पट, आणि तरी आकडा वर?"

"तरी नाही, म्हणूनच! कण फार झाले की काहींच्या हाताला नुसतं ग्राही लागतं, काहींच्या हाताला नुसता कामगार. दोघांना एकदम धरणारा कणच मिळत नाही. सगळे एकेक हात धरून बसलेत आणि चिठ्ठी कुणालाच लागत नाही. बाई, खरं सांगा, पपनस खाल्लंत ना?"

ऋजुताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं मान खाली घातली.

"बंद करा. आजपासून," बाई नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत वाट बघते. तोवर आकडा उतरणीला लागला नाही तर माझाही नाइलाज आहे."

परतीच्या गाडीत तात्या खिडकीशी बसले होते. एकदा त्यांनी घसा खाकरला, तिला वाटलं आता विचारतील. पण गाडीत मनी नव्हती.

ऋजुतानं मनाशी ठरवलं, सांगायचं नाही. काय सांगणार, तुम्ही प्रेमानं सोललेल्या पपनसानं माझी गाठ वाढली? म्हाताऱ्याला तेवढंच पुरलं असतं. त्यापेक्षा वाटी घ्यायची, मागच्या दारी जायचं आणि केळीच्या बुंध्याशी ओतून यायची. तिनं तसंच केलं. पहिल्या दिवशी ओतताना तिला रडू आलं. तासभर नखानं पापुद्रे काढणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

पण आकडा हलेना. एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. मग त्रेचाळीस. दिवाळी तोंडावर आली.

तिनं हेमंतला फोन लावला. वाऱ्याच्या आवाजात त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

"पपनस बंद केलंय रे, तरी चढतंय. म्हणजे खरंच मात केली पेशींनी औषधावर. मला फार भीती वाटतेय."

"तात्यांना काही बोललीस?"

"तू सांग ना त्यांना. तुझे वडील आहेत."

"मी?" हेमंत गडबडला. "छातीचं? तात्यांना? अगं, काय सांगू मी त्यांना!"

समुद्रात दोनशे मीटर उंच खांबावर चढणारा हा गडी. ऋजुताला त्या भीतीतही हसू आलं. हसता हसता ती रडायला लागली.

त्याच दुपारी ती वाळलेले कपडे काढून मागच्या दारानं आत आली तर स्वयंपाकघरात तात्या. ओट्याशी उभे, पाठमोरे. एका हातात पांढरं फडकं, त्यातून ते काहीतरी पिळत होते. शेजारी कोकम सरबताचा पेला. ऑक्टोबरच्या उन्हात रोज चार वाजता तिच्या टेबलावर येणारा, आणि ती बिनघोर पिऊन टाकणारा तोच तो पेला.

फडक्यात पपनसाचा चोथा होता.

"तात्या!"

तात्या एवढे दचकले की पेला आडवा झाला आणि लाल सरबत ओट्यावरून खाली ठिबकायला लागलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मनी खिडकीत बसली होती.

"मने," तात्यांनी सुरुवात केली, "मी काय म्हणी होतंय..."

"मनीला नको. मला सांगा."

तात्यांनी फडकं हातात तसंच धरून मनीकडे पाठ केली. मग, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, तिच्याकडे बघून बोलले.

"केळीखाली मुंग्यो लागलेल्यो बघितलंय गो. म्हटलां, पोरीच्या तोंडात फोड इले असतीत. चावूक जमत नसात आणि सांगूक लाजता. म्हणान रस काढलंय. तू वाळत चललंस, माका बघवना नाय."

ऋजुता कपड्यांसकट खुर्चीत बसली. म्हणजे एकीकडे ती लपवून ओतत होती आणि दुसरीकडे हे लपवून पाजत होते. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात ती गाठ मजेत वाढत होती. आता गप्प राहिलं तर आपण मरू, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

"बसा तात्या. मी सांगते ते ऐकून घ्या. मध्ये उठायचं नाही." तिनं समोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "माझ्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ आहे. आणि पपनसानं ती वाढतेय."

तो शब्द त्या स्वयंपाकघरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. तात्यांची नजर फरशीवर गेली, कान लाल झाले. पण ते उठले नाहीत.

"तुम्ही लग्नं जमवता ना? समजा एक मुलगा आहे आणि एक मुलगी. मध्यस्थ एकच आहे. तो काय करतो?"

"दोघांक धरता. बसयता."

"माझं औषध तसंच मध्यस्थ आहे. गाठीतलं एक वाईट प्रथिन एका हातानं धरायचं, त्याला मोडायला पाठवणारा दुसऱ्या हातानं. दोघांची गाठ पडली की प्रथिन मोडतं."

"म्हंजे लगीन झाल्यार नवरो खलास?" तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

ऋजुता फस्सकन हसली. "हो. तसंच. आता समजा, त्या एका लग्नात शंभर मध्यस्थ शिरले."

तात्यांनी मान वर केली. हे त्यांचं राज्य होतं. "मगे लगीन कसला होता! अर्धे चेड्याक घेवन बसतले, अर्धे चेडवाक. ह्यो त्येका सोडुचो नाय, तो हिका सोडुचो नाय." ते बोलता बोलता थांबले. हातातल्या फडक्याकडे त्यांनी बघितलं. "पपनसान मध्यस्थ वाढले?"

"हो."

"म्हंजे मी..."

"तुम्ही नाही," ऋजुता घाईघाईनं म्हणाली. "मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खाऊ नका म्हणून. मीच खाल्लं. तुम्ही माझ्यासाठी सोलत होता. मला कुणी असं सोलून दिलंच नव्हतं कधी. मला नाही म्हणता आलं नाही, तात्या."

तात्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले, आणि ते पुसतोय हे लपवलंही नाही.

"तुझ्या सासूचां पण तांच होतां," ते म्हणाले. "लोकांका आमी काविळ सांगितलां. माका ठावक होतां गो. ती कुशीर वळताना कण्हायची, छातीर हात धरून निजायची. दोन वर्सां. ती सांगूक नाय, मी इचारूक नाय. सगळ्या जगाचां इचारी फिरलंय, घरातलां तेवढां रवलां."

बाहेर कुठेतरी नारळ पडल्याचा आवाज झाला. मनी खिडकीतून उडी मारून गेली. तात्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"गाठ केवढी असा?"

तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. "सुपारीएवढी होती. मधे वाटाण्याएवढी झाली. आता परत वाढलीय."

"दुखता?"

"कधीकधी. जास्त भीतीच वाटते."

"माकाय वाटता," तात्या म्हणाले. मग उठून त्यांनी फडकं घेतलं आणि ओट्यावरचं सरबत नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढलं. त्या संध्याकाळी परसातली उरलेली सगळी पपनसं पोत्यात भरून ते वाडीत वाटून आले. घरोघर काय सांगितलं कोण जाणे, पण परत आले तेव्हा पोतं रिकामं होतं.

पुढचे काही दिवस दोघांनी कसे काढले ते विचारू नका. आकडा दोन दिवस तिथेच अडून बसला. तिसऱ्या दिवशी अडतीस. तात्यांनी चहा तसाच ठेवला आणि विचारलं, "खरां?" मग एकतीस. मग एक दिवस पुन्हा तेहतीस झाला, तर तात्या दिवसभर जेवले नाहीत, ऋजुतानंच दटावून त्यांना पेज प्यायला लावली. "आता मी स्वतःला सांभाळू की तुम्हाला?" असं ती म्हणाली, तेव्हा ते लहान पोरासारखे पेज ओरपायला लागले.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. बागवान आकडा बघून निर्णय सांगणार होत्या. ऋजुता फोन हातात धरून चुलीपाशी बसली होती. तात्यांना घरात धीर निघेना, म्हणून ते रस्त्यावर गडग्याच्या दगडी कुंपणाला टेकून उभे होते. सोबत शेजारचे दोघं म्हातारे, दुधाची किटली घेऊन थांबलेला एक गवळी, विहिरीवर चारदोन बायका. म्हणजे जवळजवळ अख्खी वाडीच.

फोन वाजला. सतरा. आणि पाठोपाठ डॉ. बागवानांचा निरोप: औषध चालू ठेवू, उतार चांगला आहे.

ऋजुता दाराकडे धावली, पण त्याआधीच रस्त्यावरून तात्यांची हाक आली. टपाल वाटताना अर्ध्या मैलावरून माणसाला बोलवायचे तोच तो आवाज.

"ऋजुता गो! आज छातीचो आकडो कितीर इलो?"

विहिरीवरचा रहाट थांबला. गवळ्यानं किटलीत बघितलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. ऋजुताचा चेहरा कानापर्यंत तापला. पदर तोंडाला लावून आत पळावं असं तिला एकदा वाटलं. मग तिनं खळ्यात येऊन, घाटावरच्या खणखणीत आवाजात उत्तर दिलं.

"सतरा, तात्या! औषध चालू राहणार!"

तात्यांनी गडग्यावर दोन्ही हात आपटले. आणि लगेच, टोपीवाल्याला आणि गवळ्याला समोर धरून, ते हातवारे करत समजावू लागले. ह्यो एक मध्यस्थ, ह्यो नवरो, आणि शंभर मध्यस्थ इले तर काय होतला, सांग बघू. ऋजुता हसत होती आणि डोळे पुसत होती.

ती आत वळली तेव्हा मागच्या दाराची कडी वाजली. शेजारची शेवंताकाकी विहिरीवरून तशीच आली होती, कळशी रिकामीच कमरेवर. तिनं आधी बाहेर कुणी येत नाही ना ते बघितलं. दुसरा हात तिनं पदराखाली, उजव्या बाजूला धरला होता.

"गो बाय," ती अगदी हळू म्हणाली, "तुझी ती कोल्हापूरची डॉक्टरीण आणखी कोणाचां बघता काय?"

ऋजुतानं तिच्या कमरेवरची कळशी काढून घेतली आणि खाली ठेवली.

"बघते, काकी. या, आत बसा."